नऊला नऊ छान

खिडकीताईला पगार मिळायचा तो तिकीटखिडकीत बसण्याचा. नाव झालं होतं ते मात्र उभं राहण्यासाठी.

साठ खुर्च्यांचं छोटंसं थिएटर होतं ते. खाली छापखाना, वर नाटक. नाटकाचे दिवे लावायचे तर ते कुणाच्या तरी अंगावर पाडून बघावे लागतात, आणि नटमंडळी नेमकी त्या वेळी नोकरीवरून निघालेलीसुद्धा नसतात. मग शिडीवरून दिवेकाका हाक मारायचे, "ताई, या हो, जरा उभ्या राहा." ताई खिडकीवर 'येतेच' अशी पाटी अडकवायची आणि रंगमंचावर जायची. उंची बेताची, बांधा बेताचा. कुठल्याही नटीच्या जागी खपून जाईल अशी. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांच्या जागी उभी राहत आली होती.

तिथे फक्त नव्याने लिहिणाऱ्यांची छोटी नाटकं व्हायची. दहा मिनिटं, फार तर पंधरा. एकदोन पात्रांची, बरीचशी तर एकट्याने बोलायची. आणि पद्धत अशी, की दिवे लावताना संहिता ज्याने लिहिली त्यानेच पहिल्या रांगेत बसून वाचायची. 'बसतो' म्हटलं की ताईने बसायचं, 'वळतो' म्हटलं की वळायचं, आणि काकांनी ताईकडे बघून दिवा फिरवायचा. काका कागदाकडे बघतच नसत. म्हणायचे, "मला वाचायला कशाला लावता? ताई हलली की मी हलतो."

त्यामुळे प्रत्येक नवं नाटक जगात सगळ्यांत आधी ताईच्या अंगावरून जायचं. लिफ्टमध्ये अडकलेला आणि तिथेही कोण आधी शिरलं याचा निकाल देणारा क्रिकेटचा पंच ती झाली होती. म्हाताऱ्या सासऱ्याला पोहायला शिकवणारी सून झाली होती. स्वतःच्याच निरोपसमारंभाचं भाषण साहेबांना लिहून देणारा कारकूनही झाली होती. यांतलं एक अक्षर ती कधी बोलली नाही. पण कारकुनाच्या नाटकात टेबलावरून हात फिरवायचा होता, तेव्हा तिने असा काही फिरवला की लिहिणारा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "ताई, हे मला सुचलं नव्हतं."

मग शनिवारी दुपारी रंगीत तालीम. ताईची धाकटी बहीण दाताच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावायच्या कामाला होती, तिचा शनिवार अर्धा. ती यायची आणि शेवटच्या रांगेत ताईशेजारी बसायची. तालीम संपली की दोघी चालत घरी. पंचवीस मिनिटांचा रस्ता, आणि पंचवीस मिनिटं तोंडाचा पट्टा.

"काय गं, रडत काय होतीस?" धाकटी सुरुवात करायची.

"मी? तूच नाक पुसत होतीस."

"मला सर्दी आहे."

"तुला दर शनिवारी सर्दी होते. आणि काय गं, त्या सुनेने सासऱ्याचा हात सोडायला नको होता."

"सोडला म्हणून तर तो पोहला!"

"पोहला कुठला, बुडाला. तू खोकत होतीस म्हणून तुला ऐकू आलं नाही."

"ताई, तो पोहला."

"बुडाला."

औषधाच्या दुकानापाशी धाकटीचा रस्ता वळायचा. तिथे उभ्या राहून आणखी दहा मिनिटं. दुकानदार आतून ओरडायचा, "बायांनो, गोळी देऊ का डोकेदुखीची?" धाकटी म्हणायची, "द्या, हिलाच द्या."

थिएटर चालवणाऱ्या बाईंना हे सगळं ठाऊक होतं. वर्षातून एकदा नव्या छोट्या नाटकांचा रविवार व्हायचा. नऊ नाटकांना दिवे लागायचे, प्रयोग आठांचाच व्हायचा, नववं गळायचं. रविवारी सकाळी बाई खिडकीशी येऊन विचारायच्या, "काय ताई, कशावर भांडण झालं?" ज्यांच्यावर झालं ती राहायची. "ते दोघींनाही आवडलं हो," असं ताई म्हणाली की बाई हात झटकायच्या. "दोघींना आवडलं? मग मेलं ते."

आठ महिन्यांपूर्वी धाकटी गेली. चार दिवसांचं दुखणं. पहिल्या दिवशी ताप, दुसऱ्या दिवशी 'काही नाही गं, नुसती कणकण', चौथ्या दिवशी नाही.

ताईने सगळं केलं. माणसांना कळवलं, दवाखान्याचे कागद गोळा केले, आलेल्यांना चहा दिला, गेलेल्यांच्या मागे दार लावलं. तेराव्या दिवशी मेहुणे म्हणाले, "ताई, तुम्ही एकदा रडून घ्या." ताई म्हणाली, "हो, बघते." जसं कुणी म्हणावं, येताना कोथिंबीर आणा हो, आणि आपण म्हणावं, हो, बघते.

रडू आलं नाही ते नाहीच. पण रडूच का, काहीच आलं नाही. चहा गरम असायचा हे जीभ भाजल्यावर कळायचं. कुणी विनोद केला की तो विनोद होता हे तिला समजायचं, लांबची पाटी वाचावी तसं. ती कामावर दुसऱ्याच आठवड्यात आली. खिडकीत बसली. उभी राहिली. काकांनी हाक मारली की जायची, 'बसतो' म्हटलं की बसायची. लिहिणाऱ्या पोरापोरींनी डोळे मोठे करून विचारलं, "ताई, कसं वाटलं?" की म्हणायची, "छान."

छान हा शब्द बरा होता. घडी घालून ठेवलेला, कुणालाही द्यावा.

यंदाच्या नऊमध्ये एक बूटवाली होती. म्हणजे बुटांच्या दुकानात कामाला असलेली मुलगी, पंचवीस-सव्वीसची, हाताच्या बोटांना पॉलिशचे डाग. आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं होतं. शनिवारी सकाळी ती पहिल्या रांगेत बसली तेव्हा तिने कागद दोनदा मोजून घेतले.

"ताई, हिच्या नाटकात गुडघ्यावर बसायचंय," काका शिडीवरून म्हणाले. "जमेल ना?"

"जमेल."

ताई बसली. मुलीने वाचायला सुरुवात केली. बुटांच्या दुकानातली एक सेल्सवुमन, गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बोलते आहे, एवढं ताईच्या कानावर आलं. मग पुढचं नुसतं आवाज होऊन गेलं, खालच्या छापखान्यातल्या यंत्रासारखं. ताई समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिली. खिळ्याला काहीही टांगलेलं नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. आवाज थांबला तेव्हा तिने ओळखलं की संपलं.

"झालं, काका?"

"माझं झालं. शेवटचा दिवा बांधून टाकला." काका खाली उतरले.

मुलगी जवळ आली. "ताई, खरं सांगा. शेवट जमलाय का? मला शेवटाचीच धाकधूक आहे."

"छान आहे," ताई गुडघे चोळत म्हणाली. मुलगी अजून उभीच होती, म्हणून तिने पदरचं घातलं, "शेवट तर फारच छान."

मुलीचा चेहरा असा उजळला की काकांना दिव्याची गरज पडू नये.

दुपारी रंगीत तालीम. ताई शेवटच्या रांगेत, शेजारची खुर्ची रिकामी. पाच नाटकं झाली. सहावं बुटांचं. नटी नोकरीवरून धावत आली होती, पण गुडघ्यावर बसली आणि बोलायला लागली तशी सराईत वाटली. नऊ मिनिटं दिवा तिच्या चेहऱ्यावर बरोबर होता. मग शेवटच्या वाक्याची वेळ आली, शेवटचा दिवा आला, आणि नटी उठून उभी राहिली.

उभी राहिली आणि तिचं डोकं गेलं.

दिवा होता गळ्यापासून खाली. झगझगीत साडी, झगझगीत हात, वर मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून आवाज येत होता. कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. नटीसुद्धा हसली, पण तिचं हसू कुणाला दिसलं नाही.

"अहो काका!" बाई ओरडल्या. "मुंडकं कुठे गेलं हिचं?"

काका वरच्या दिव्याच्या खोलीच्या खिडकीतून वाकले. "ताई बसलेल्याच होत्या की! मी बसलेल्याच्या मापाने बांधला. उठायचं होतं का?"

"संहितेत लिहिलंय," बूटवाली हळू आवाजात म्हणाली. "'ती उठते.' मी वाचलं. मोठ्याने वाचलं." मग ती मागे वळली आणि तिने थेट शेवटच्या रांगेत बघितलं. "ताई, तुम्ही उठलाच नव्हतात?"

ताईने नकाराची मान हलवली.

"मग शेवट फारच छान कसा वाटला तुम्हाला?"

काका धावत खाली आले. त्यांना ताईची बाजू घ्यायची सवय होती. "अगं, या नव्या दिव्यांचा घोळ आहे. जुन्या दिव्याला ऊब होती, कपाळाला लागायची, माणूस आपोआप उठायचा. या दिव्यांना काही—"

"काका, राहू द्या," ताई म्हणाली. "दिव्याचं काही नाही. मी ऐकतच नव्हते."

तिला वाटलं, आता लाज वाटेल. तिने वाट पाहिली. लाजसुद्धा आली नाही. समोर मुलीचे डोळे भरले होते, आणि ते ताईला दिसत होते, इतकंच.

बाई व्यवहारी. त्यांनी हातातला कागद दुमडला. "हे बघा, शेवटचा दिवा सोडून परत बांधायचा म्हणजे उद्याची सकाळ गेली. एक नाटक तर तसंही गळायचंच आहे. ताई, एरवी मी तुम्हाला विचारते. पण यंदा विचारून काय उपयोग? सकाळपासून नऊला नऊ छान! मी काय चिठ्ठ्या टाकू? बुटांचंच गाळलेलं सोयीचं."

"उद्या सकाळपर्यंत थांबा," ताई म्हणाली.

"कशाला?"

"मी अजून ऐकलं नाहीये."

पाच वाजता तालीम आटोपली. बूटवाली पिशवी उचलून जिन्याकडे निघाली होती. तिकीटखिडकीच्या खोलीचं दार ताईने उघडं धरलं. "ये. वाच."

"आता कशाला, ताई? छानच आहे ना?" मुलीच्या बोलण्यात धार होती, आणि ती धार रास्त होती.

"बस. रागावलेली वाच, चालेल."

खोलीत दोन स्टुलं, तिकिटांची जुनी थोटकं, बंद खिडकी. मुलगी खरोखरच रागावून वाचायला लागली. ताईने डोळे खिळ्याबिळ्यावर लावले नाहीत. मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली. ऐकायला काही वाटावं लागत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. नुसतं ऐकताही येतं. ओझं उचलतो तसं, एकेक वाक्य.

नाटक असं होतं. दुकानात दर सहा महिन्यांनी एक बाई येते. तिचा डावा पाय पाच नंबरचा, उजवा सहाचा. त्यामुळे तिला दर वेळी दोन जोड घ्यावे लागतात. एकातला डावा, दुसऱ्यातला उजवा. उरलेले दोन बूट, म्हणजे उजवा पाच आणि डावा सहा, ती दुकानातच सोडून जाते. सेल्सवुमन ते फेकत नाही. डब्यात घालून माळ्यावर ठेवते. अकरा वर्षं. बावीस डबे. कारण कुठेतरी एक उलटी बाई असणार, डावा सहा आणि उजवा पाच, आणि ती एक दिवस येणार. आणि शेवटी ती येते. सेल्सवुमन बावीस डबे खाली काढते, एकेक बूट बरोबर बसतो, बाई रडते, सेल्सवुमन उठते आणि म्हणते, "उशीर केलात."

मुलगी थांबली. कागद मांडीवर ठेवला. "बोला. छान?"

ताईने स्टूल जरा तिच्याकडे ओढलं.

"मला काही वाटलं नाही," ती म्हणाली.

मुलीने मान खाली घातली.

"तुझ्या नाटकामुळे नाही गं. मला आठ महिने कशानेच काही वाटत नाही. तू जगातलं सगळ्यांत भारी नाटक आणून वाचलंस तरी मी अशीच बसेन. पण माझी धाकटी बहीण इथे असती ना," ताईने दुसऱ्या कोपऱ्याकडे बोट केलं, तिथे झाडू उभा होता, "तर ती म्हणाली असती, ही उलटी बाई यायलाच नको. ती आली की खेळ खलास. बावीस डबे माळ्यावर आहेत तोवर मी त्या माळ्याकडे बघत राहीन. तू ते खाली काढलेस, आता तिथे काय उरलं? जळमटं."

मुलगी वर बघायला लागली. "म्हणजे शेवट काढून टाकू?"

"असं ती म्हणाली असती. आणि म्हणाली असती, डोकं गेलं ते बरोबरच झालं, बुटाच्या दुकानात डोकं कशाला लागतं."

मुलीला हसू फुटलं, मनात नसताना.

"पण मी म्हणाले असते," ताई पुढे झाली, "वेडी आहेस का तू? अकरा वर्षं लोकांना ताटकळत ठेवायचं आणि यायचंच नाही? आलीच पाहिजे ती. फक्त रडायला नको. येऊ दे, बूट घालू दे, अगदी मापात बसू दे, आणि मग म्हणू दे, 'रंग नाही आवडला.'"

"रंग?"

"गिऱ्हाईक आहे ना ती? तुझ्या दुकानात येतात त्या काय करतात? बूट बसला म्हणून रडतात?"

"नाही," मुलगी सावकाश म्हणाली. "आरशात बघतात आणि म्हणतात, दुसरा रंग दाखवा."

"बघ! यावर धाकटी म्हणाली असती, ताई, तुझं काळीज दगडाचं आहे. आणि मी म्हणाले असते, तुझं लोण्याचं आहे म्हणून तर तुला दर शनिवारी सर्दी होते. आणि ती—"

ताई थांबली. मनातल्या मनात औषधाच्या दुकानापर्यंत आली होती ती. पुढे धाकटी काय म्हणाली असती ते तिला सुचेना. तिने वाट पाहिली. झाडू झाडूच राहिला.

"आणि ती?" मुलीने विचारलं.

"ठाऊक नाही," ताई म्हणाली. "पुढचं तू लिही. आणि गुडघ्यावर बसलेली बाई उठते का, ते नीट ठरव. नऊ मिनिटं पायाशी बसलेलं माणूस उगाच उठत नसतं. माझे गुडघे अजून दुखतायत."

रविवारी सकाळी बाई खिडकीशी आल्या. विचारण्याआधीच ताई म्हणाली, "बुटांचं ठेवा. ते लिफाफ्याचं नाटक गाळा, त्यात काही नाही."

"वाटलं का काही बुटांमध्ये?"

"नाही."

"मग ठेवू कशाला?"

"त्यावर भांडण झालं."

बाईंनी चष्मा काढला. "कुणाचं?"

"आमचं."

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि आत जाऊन म्हणाल्या, "काका, शिडी लावा."

शिडी लागली. मुलगी रात्री लिहिलेला नवा शेवट घेऊन आली होती आणि ताईला सांगायला तयार नव्हती. "ऐका आणि हला," एवढंच म्हणाली. ताई गुडघ्यावर बसली. या वेळी प्रत्येक वाक्य ऐकलं. उठायची वेळ आली तेव्हा उठली. उठताना वर बघायचं होतं, माळ्याकडे; तिने बघितलं. काकांनी दिवा तिच्या चेहऱ्यावर आणून बांधला. त्याला ऊब नव्हती. तो होता, हे तिला डोळे दिपले त्यावरून कळलं.

संध्याकाळी विकायच्या होत्या तेवढ्या सगळ्या खुर्च्या भरल्या. ताईने शेवटच्या रांगेतली शेजारची खुर्ची विकली नव्हती. ऐन वेळी काका तिथे येऊन बसले, कारण दिव्याच्या खोलीत पंखा बंद पडला होता आणि बुटांच्या नाटकाचे ठरलेले दोन दिवे नि शेवटचा अंधार त्यांनी मदतीच्या पोरावर सोपवला होता.

मुलीचा नवा शेवट असा होता. उलटी बाई येते. सेल्सवुमन तिचा पाय हातात घेते आणि मापावरून ओळखते. हीच ती. मग ती काही बोलत नाही. उठते. एकदा माळ्याकडे बघते. आणि नेहमीसारखे दोन नवे जोड काढून तिच्यासमोर ठेवते. "दोन घ्यावे लागतील, बाई," एवढंच म्हणते. अंधार.

टाळ्या. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं. ताईने स्वतःच्या आत डोकावून बघितलं, सवयीने. काही नव्हतं. रिकामी खुर्ची कशी खुर्चीच असते, तसं.

टाळ्या ओसरल्यावर काका तिच्याकडे झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मला नाही पटलं हो ताई. सांगायला काय झालं होतं तिला? बावीस डबे फुकट गेले की!"

"फुकट कसे?"

"मग काय! एवढी वाट बघितली, माणूस दारात आलं, आणि ही दातखीळ बसल्यासारखी गप्प!"

"काका, सांगितलं असतं तर उद्यापासून तिने दुकानात जाऊन काय केलं असतं?"

"बूट विकले असते! आणखी काय करतात दुकानात?"

"तुम्हाला दिव्यांतलं कळतं, काका. माणसांतलं कळत नाही."

"असं? मग तुम्हीच सांगा. त्या गिऱ्हाईक बाईचं काय? ती तर जन्मभर दोन-दोन जोड घेत बसणार!"

हा मुद्दा ताईने धरला नव्हता. धाकटीनेही धरला नसता.

पुढच्या नाटकासाठी अंधार व्हायला लागला होता. काका उठले, त्यांना वर जायचं होतं.

"काका," ताई म्हणाली, "घरी कुठल्या रस्त्याने जाता तुम्ही?"

"औषधाच्या दुकानावरून. का?"

"थांबा मग खाली. मी खिडकी बंद करून येते. तुम्ही चुकताय, आणि ते मी तुम्हाला दुकानापर्यंत सांगणार आहे."